सदलग्याचे वजा आठशे तेवीस

एका घराच्या दारावर दोन पाट्या होत्या, तिथनं हे सगळं सुरू झालं.

पारमिता बेळगावात कॅम्पाच्या अलीकडं एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहायची आणि सुट्टी लागली की निपाणीला आईकडं यायची. कंपनीचं काम घरोघरी सामान पोचवणाऱ्यांसाठी होतं. पोरांनी दाराचा फोटो काढायचा आणि प्रोग्रामनं त्यातला घर क्रमांक वाचून नोंदवायचा. चाललं होतं बरं. मग एके दिवशी खानापूरकडच्या एका घराचा फोटो आला आणि प्रोग्रामनं छातीठोकपणे सांगितलं, घर क्रमांक नऊशे वीस. त्या गल्लीत घरं होती तीस-पस्तीस.

पारमितानं फोटो मोठा करून बघितला. जुनी मराठी पाटी होती, तिच्यावर कुणीतरी नवी कानडी पाटी तिरकी ठोकली होती. जुनीतला २ बाहेर डोकावत होता आणि त्याला चिकटून नवीतला ೪ बसला होता. २೪. कुणीही चोवीस म्हणेल. प्रोग्राम नऊशे वीस म्हणत होता.

दुसरं कुणी असतं तर तो फोटो बाजूला टाकून जेवायला गेलं असतं. पारमिता जेवायचं विसरली. तिनं आपला सगळा प्रोग्राम उलटापालटा केला, चूक सापडेना. शेवटी तिच्या ध्यानात आलं की चूक तिची नव्हतीच, चूक झिनियाची होती.

झिनिया म्हणजे ती ज्या संगणकी भाषेत प्रोग्राम लिहायची ती भाषा. ही भाषा कुणा एकाच्या मालकीची नव्हती. तिच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. त्या दुरुस्तीला म्हणायचं पॅच. जुनी जाणती माणसं तो पॅच ओळ न् ओळ तपासणार, पटला तर भाषेत घेणार. जगभरातले लोक हे काम हौसेनं करत होते. पारमितानं आजवर झिनिया नुसती वापरली होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तिचं पोट उघडलं आणि बघता बघता आत पार हरवून गेली.

घोळ असा होता. संगणकाच्या आत प्रत्येक अंकाला एक घर दिलेलं असतं. मराठी अंकांची एक गल्ली, कानडी अंकांची दुसरी, सुमारे नऊशे घरं पुढं. झिनिया पहिला अंक बघायची, त्याची गल्ली ओळखायची आणि बाकीचे अंक त्याच गल्लीतले समजून मोजत सुटायची. मधेच गल्ली बदलली तरी हिचं मोजणं चालूच, म्हणून मराठी दोनचे वीस आणि वर कानडी चारचे झाले नऊशे.

"आई गं, सापडलं!" पारमिता ऑफिसात एवढ्यांदा ओरडली की शेजारच्या टेबलावरच्याचा चहा सांडला.

तिनं पॅच लिहिला आणि पाठवला. तपासणीला आली हेल्मी. फिनलंडातल्या कुठल्याशा बर्फाळ गावात राहणारी ही बाई झिनियातला आकड्यांचा सगळा भाग वर्षानुवर्षं सांभाळत होती. हेल्मी कौतुक म्हणून करायची नाही. 'हे नाव कळत नाही.' 'ही ओळ दोनदा कशाला?' 'याची चाचणी कुठं आहे?' पारमितानं नाव बदललं, ओळ काढली, उत्तर बरोबर येतं का ते दर वेळी पडताळणारी चाचणी लिहिली. पुन्हा चार शेरे आले. पुन्हा दुरुस्त्या. वैतागायच्या ऐवजी तिला भलतीच मजा यायला लागली. आपलं लिहिलेलं एवढ्या बारकाईनं आजवर कुणी वाचलं होतं? सकाळी उठल्या उठल्या दात घासायच्या आधी ती हेल्मीचा शेरा बघायची. एकदा हेल्मीनं नुसतं 'नीट' असं लिहिलं, तर ही बसमध्ये उभ्या उभ्या हसत सुटली आणि कंडक्टरनं विचारलं, "काय आक्का, लग्न ठरलं काय?"

पण एका गोष्टीवर दोघींचं अडलं. चुकीचं उत्तर द्यायचं बंद करावं, हे हेल्मीला मान्य होतं. पारमिताला त्याहून जास्त हवं होतं. झिनियानं असा मिसळलेला आकडा बरोबर वाचून दाखवावा, निदान ज्याला हवं त्याला तशी सोय असावी. त्यावर हेल्मीनं लिहिलं, 'दोन पाट्या म्हणजे एक संख्या नव्हे. माणसांनी खरोखर लिहिलेली आणि खरोखर वाचलेली अशी एक तरी संख्या दाखवा. नसेल तर झिनियानं नकार द्यावा, तेवढं पुरे. नव्या आवृत्तीचं दार रविवारी संध्याकाळी बंद होतंय.'

रविवारी सकाळपासून पारमिता निपाणीत वणवण फिरली. दुकानांच्या पाट्या बघितल्या, तंबाखूच्या वखारींची दारं बघितली, बसस्थानकात जाऊन फलाट बघितले. एक पाटी मराठी, शेजारची कानडी, त्याच्या पलीकडं इंग्रजी. पण एकाच आकड्यात दोन लिप्या? छे. ओळखीच्या सगळ्यांना निरोप पाठवले, तर कुणी आपल्या गाडीच्या नंबरप्लेटीचा फोटो पाठवला, कुणी नुसतंच गुड मॉर्निंग.

दुपारी ती तोंड पाडून जेवायला बसली, तेवढ्यात मंगलमावशी आली. मंगलमावशी आईची धाकटी बहीण, शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी नसली तरी आवाजात कायम शिट्टी.

"काय गं, तोंड का असं केल्यास?"

पारमितानं सगळं सांगितलं. पाट्या, गल्ल्या, हेल्मी. मावशीला त्यातलं निम्मं कळलं असेल नसेल, पण अर्ध्या आकड्याची गोष्ट तिनं पक्की धरली.

"म्हंजे अर्धा मराठी, अर्धा कानडी आकडा पायजे व्हय तुला? अगं, मग सदलग्याला चल की! टेनिस बॉलच्या स्पर्धा चालू हाईत. त्यांचा स्कोरबोर्ड तसलाच हाय. मी सोत्ता बघितलोय गेल्या साली."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू? दोन मंडळं एक झाली, तवा दोघांचे आकडे एका पेटीत आले. एकाचे मराठी, एकाचे कानडी. हाताला येईल तो लावत्यात."

पारमिताचा घास हातातच राहिला. "जेवून तर घ्या," आई म्हणेपर्यंत मावशीनं स्कूटर सुरू केली होती. पारमिता लॅपटॉपची बॅग पाठीला लावून मागं बसली, आणि उसाच्या ट्रॉल्यांना वळसे घालत दोघी बोरगावच्या रस्त्यानं सुटल्या. मावशी प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ओरडून बाजू मागत होती आणि पारमिता मागं बसून मोठ्यांदा हसत होती. नेमकं कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

मैदानावर ही गर्दी. सदलगा विरुद्ध भोज, शेवटचा सामना. भोजनं आधी खेळून चौऱ्याऐंशी केले होते आणि सदलग्याची शेवटची जोडी मैदानात होती. पारमिता गर्दीतनं वाट काढत फळ्यासमोर आली आणि बघते तर काय, ६१. दोन्ही अंक अस्सल मराठी.

तिचा चेहरा पडला. फळ्याशेजारी स्टुलावर आकडे लावणारा भावकू बसला होता. चाळिशीचा, डोक्याला रुमाल, पायाशी पत्र्याच्या आकड्यांची पेटी. मावशीनं थेट त्यालाच गाठलं.

"काय हो, तुमचे ते कानडी आकडे कुठं गेले?"

"हाईत की पेटीत. औंदा नवे मराठी रंगवून घेतलेत. सात तेवढा सापडंना. कोण घेऊन गेलं देव जाणे. सात आला की कानडी लावतोय."

पारमिता आणि मावशीनं एकमेकींकडं बघितलं. सात! बोर्डावर सात आला की झालं.

"मग आत्ताच लावा की एक सात," मावशी म्हणाली. "फोटू काढतो आणि जातो."

भावकूनं कानाला हात लावले. "मॅच चालू असताना खोटा स्कोर लावू? मला जित्ता सोडतील काय ही माणसं?"

"मावशी, मलापण तसला नको," पारमिता म्हणाली.

"त्या बर्फातल्या बाईला काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं."

मावशीनं तिच्याकडं रोखून बघितलं आणि मग गड्यासारखी पाठीवर थाप मारली. "मग वरडायला लाग. सदुसष्ट करायचे हाईत आपल्याला."

पारमितानं जन्मात कधी क्रिकेट धड बघितलं नव्हतं. शाळेत मावशीनं तिला जबरदस्तीनं खेळायला उभं केलं की ती सीमेवर मुंग्या मोजायची. त्या दिवशी मात्र ती दोरीला चिकटून उभी राहिली आणि घसा फुटेस्तोवर ओरडायला लागली. मैदानात मष्णू आणि गुंडू. मष्णू अंगानं अवाढव्य, गोलंदाजीसाठी घेतलेला. बॅट त्याच्या हातात लाटण्यासारखी दिसत होती. गुंडू काडीसारखा, पण पळायला वारा.

गुंडूनं दोन धावा काढल्या. त्रेसष्ट. मग आणखी एक. चौसष्ट.

"तीन! तीन काढा रे! फकस्त तीन!" पारमिता ओरडली.

शेजारचे आजोबा म्हणाले, "बाळ, एकवीस पायजेत जिंकाय."

"न्हाय आजोबा, तीनच पायजेत!"

पुढच्या चेंडूवर मष्णूनं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू आंब्याच्या झाडाखालनं दोरीबाहेर गेला. चौकार! सगळं मैदान उसळलं, माइकवरचा पोरगा किंचाळला, "भारी होडदा मष्णू, भारी हाणला!" आणि पारमिता डोकं धरून मटकन खाली बसली.

"चौकार कशाला मारलास रं!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. आजोबांनी तर दोन पावलं सरकून घेतलं.

"बाई, तुमी कुणाच्या बाजूच्या?" मागनं कुणीतरी विचारलं.

"सदलग्याच्या, सदलग्याच्या!" मावशीनं घाईनं सांगितलं. "तिला चौकारानं चक्कर येतीया."

अडुसष्ट. आता सत्तरी गाठायलाच हवी होती. षटक बदललं, गुंडूनं चोरटी धाव काढली, धावताना मष्णूला जवळजवळ धडकला. एकोणसत्तर. पुढचा चेंडू मष्णूच्या पोटाला लागला, काहीच नाही. त्याच्या पुढचा बॅटीला लागून यष्टीच्या एवढ्या जवळनं गेला की पारमितानं मावशीच्या दंडात नखं रुतवली. आणि मग मष्णूनं पुन्हा डोळे मिटले.

चेंडू उडाला. वर, वर, उन्हात दिसेनासा झाला, खाली आला तो भोजच्या खेळाडूच्या हातावर आदळून घरंगळत दोरीबाहेर. चार! त्र्याहत्तर!

पारमितानं मावशीला मिठी मारली, मावशीनं आजोबांना मारली, आजोबांनी घाबरून काठी टाकली. पारमिता गोल गोल उड्या मारत होती. "सात आला! सात आला!" सदलग्याची माणसंही तिच्याबरोबर नाचायला लागली, कुणाला काय कळलं कुणास ठाऊक, पण एवढ्या आनंदात कोण विचारत बसतो?

तेवढ्यात पुढचा चेंडू पडला आणि मष्णूचा मधला दांडा उडाला.

सदलग्याचा डाव खल्लास. भोजची पोरं आत पळाली. पारमिता मात्र अजून नाचतच होती. तिच्या ध्यानात आलं तेव्हा सगळं सदलगा तिच्याकडं बघत होतं.

"लई आनंद झाला न्हवं तुमास्नी?" एक मिशीवाला म्हणाला.

पारमिता ओशाळली, पण तिची नजर फळ्यावर गेली. फळ्यावर अजून ६९ होते. भावकू पेटीत कानडी सात शोधत बसला होता, आणि आता तो पेटी बंद करत होता.

"अहो, लावा की!" ती त्याच्याकडं धावली.

"संपली न्हवं मॅच. आता कशाला?"

"शेवटचा स्कोर नको व्हय लावायला? मष्णूनं मारलेले चार गेले कुठं मग?"

हे मष्णूनं ऐकलं. बॅट खांद्यावर टाकून घामाघूम परत येत होता तो थांबला आणि भावकूला म्हणाला, "व्हय की. माझे चार लाव आधी." तिकडनं भोजचा कप्तानही आला. त्याला फळ्याखाली उभं राहून फोटो काढायचा होता आणि खरा आकडा असल्याशिवाय त्याला शोभा नव्हती. जिंकलेले म्हणतात लाव, हरलेले म्हणतात लाव. भावकूनं पेटी पुन्हा उघडली, पार तळाला हात घातला आणि एक गंजकं पान वर काढलं. रुमालानं पुसून खिळ्याला अडकवलं. शेजारी मराठी तीन.

೭३.

"किती झाले?" पारमितानं मुद्दाम आजोबांना विचारलं. खरोखर वाचतात का, ते तिला कानानं ऐकायचं होतं.

"त्र्याहत्तर. दिसंना व्हय तुला?" आजोबा वैतागले.

तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं फोटो काढला. फोटोत ट्रॉफी धरलेली भोजची पोरं आली, मधे घुसलेला मष्णू आला, खालच्या कोपऱ्यात एक शेळी आली आणि वर मधोमध तो आकडा.

माइकच्या मांडवात बसून तिनं लॅपटॉप उघडला. आकडा झिनियाला वाचायला दिला, उत्तर बघितलं आणि तिला हसू आवरेना. कानडी साताच्या गल्लीत उभं राहून झिनियानं मराठी तीनकडं उलटी मोजदाद केली होती. तिनं फोटो आणि उत्तर दोन्ही हेल्मीला पाठवलं. खाली लिहिलं, 'माणसांनी लिहिला, माणसांनी वाचला. आत्ता, माझ्यासमोर.'

मग वाट बघणं. मावशी मागं उभी राहून मानेवर श्वास सोडत होती. मिशीवाला आला, आजोबा आले, मष्णू आला. मावशीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. तिच्या सांगण्यात पॅचचं ठिगळ झालं, झिनियाची शाळकरी पोरगी झाली जिला दोन लिप्या एकत्र वाचता येत न्हाईत, आणि हेल्मी तिची कडक हेडबाई झाली.

"मग आता हेडबाई काय म्हणाल्या?" मष्णूनं विचारलं.

तेवढ्यात उत्तर आलं. पारमितानं मोठ्यांदा मराठीत वाचून दाखवलं.

'झिनियाच्या म्हणण्यानुसार या संघानं वजा आठशे तेवीस धावा केल्या. हा त्यांच्यावर अन्याय आहे. वाचायची सोय घेऊ या. चाचणीला गावाचं नाव द्या.'

मग मष्णू म्हणाला, "वजा आठशे? एवढं वाईट न्हाय खेळलो हो मी!" आणि मांडव हसण्यानं फुटायची वेळ आली. मिशीवाल्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं. माइकवरच्या पोरानं माइक ओढून जाहीर केलं, "सदलग्याचं नाव फिनलंडात लागलेलं हाय, सगळ्यांनी जोरदार टाळ्या!" हरल्याचं सगळे विसरूनच गेले. भोजचा कप्तान तेवढा कुरकुरला, जिंकलो आम्ही आणि नाव यांचं कसं काय?

पारमितानं चाचणी लिहिली, वर नाव घातलं 'सदलगा', पाठवली. हेल्मीनं एक स्वल्पविराम काढायला लावला. तिनं काढला. आणि मग पडद्यावर हिरवी खूण उमटली. पॅच झिनियात गेला. जगात जिथं जिथं झिनिया तपासली जाईल, तिथं तिथं दर वेळी सदलग्याचे त्र्याहत्तर मोजले जाणार होते. पारमितानं खूण बघितली, लॅपटॉप मावशीच्या हातात दिला, मांडवाबाहेर गेली आणि मैदानाला एक आख्खी फेरी पळत मारून आली. शाळेत मावशीनं शंभरदा सांगूनही तिनं जे केलं नव्हतं ते.

परत आली तर हेल्मीचा आणखी एक निरोप. 'तुम्ही बारकाईनं वाचता. आकड्यांच्या भागात तपासणीला माणूस हवं आहे. जमेल का? एक पॅच वाट बघतोय.'

"काय म्हणतीया?" मावशीनं विचारलं.

"आता मी दुसऱ्यांचे पॅच तपासायचे म्हणतीया."

"म्हंजे तू हेडबाई झालीस!"

तेवढ्यात हलगी वाजायला लागली. भोजच्या पोरांनी ट्रॉलीवर मिरवणूक काढली होती आणि गुलालाची पोतीच्या पोती उधळत होती. कप्तानानं मष्णूला वर ओढलं, मष्णूनं मावशीला, मावशीनं पारमिताला. मावशी पदर खोचून ट्रॉलीच्या मधोमध नाचायला लागली, मष्णू तिच्यासमोर, आणि ट्रॉली खड्ड्यात गेली की सगळे एकमेकांवर कोसळत होते. पारमिता कठड्याला पाठ लावून बसली, मांडीवर लॅपटॉप, केसांत गुलाल, हसून हसून गाल दुखायला लागलेले. तिनं तो वाट बघणारा पॅच उघडला. ब्राझीलमधल्या कुणा पोराचा होता. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीवर थांबली. पडद्यावरचा गुलाल ओढणीनं पुसला, पुन्हा वाचली.

"मावशी, हालू नका गं जरा," ती ओरडली, "ह्याचा एक कंस राहिलाय!"

कुणीच ऐकलं नाही. हलगी आणखी जोरात वाजायला लागली आणि हिंदकळत्या ट्रॉलीत एका हातानं कठडा धरून, एका बोटानं, पारमितानं आपला पहिला शेरा टाइप करायला घेतला.